केळीचा घड, अख्खा लोगो की नुसता 'र'?

ब्राउझरच्या टॅबवर साइटच्या नावाआधी दिसणाऱ्या इटुकल्या आयकॉनला जागा मिळते १६ बाय १६ पिक्सेल, म्हणजे स्क्रीनचे ठिपके. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने ही सोय आणली. पुढे स्क्रीन कितीही बारीक ठिपक्यांचे झाले, तरी डोळ्यांना दिसणारा आकार जवळपास तेवढाच राहिला. मोबाइलवर टॅब कोण बघतंय, असं वाटेल. पण गूगलच्या निकालांत साइटच्या नावाशेजारी हाच आयकॉन येतो, आणि गिऱ्हाईक तिथूनच आत शिरतं.

रावेर-सावद्याचा केळी व्यापारी असो, जळगावचा सराफ असो की डाळ मिलवाला, पहिला हट्ट ठरलेला: 'आपला पाटीवरचा लोगोच टाका.' तो टाकू नका. पाटीवर गणपती, खाली दुकानाचं नाव आणि स्थापनेचं साल असतं. सोळा पिक्सेलमध्ये त्याचा शेंदरी डाग होतो. गणपतीची सोंडसुद्धा उरत नाही.

मग चित्र की अक्षर? केळीचा घड लगेच ओळखू येतो, वाचावा लागत नाही. अडचण अशी की रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या प्रत्येकाला हाच घड सुचतो. गूगलच्या एका पानावर तीन पिवळे घड आले तर तुमचा कोणता? भरताचं वांगं विकणाऱ्यांचंही तेच. शिवाय पिवळा रंग पांढऱ्या टॅबवर फिका पडतो, सराफांचा सोनेरी तर जवळपास नाहीसाच होतो. चित्रच हवं असेल तर मागे गडद चौकोन ठेवा आणि घडातली दोनच केळी काढा.

माझं मत अक्षराच्या बाजूने आहे, पण प्रत्येक अक्षर चालत नाही. ठिपक्यांच्या सोळा आडव्या ओळींपैकी शिरोरेघेत दोन गेल्या, चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडली, की अक्षराच्या अंगाला दहा-अकरा ओळी उरतात. र, ग, प, न त्यात ऐसपैस बसतात. 'श्री' आणि 'क्ष' गुदमरतात. धुळ्याचा 'ध' या मापात 'घ' दिसू लागतो, भरताचा 'भ' सरळ 'म' होतो. अशा वेळी नावातलं दुसरं अक्षर घ्या, नाहीतर चित्राकडे वळा. वेलांटी-मात्रा तर टाळाच. वरची जागा त्याच खातात.

फाइलच्या प्रकारात फार डोकं घालू नका. आयसीओ ही खास आयकॉनसाठीची फाइल जुन्या-नव्या सगळ्या ब्राउझरना कळते आणि एकाच फाइलमध्ये १६, ३२, ४८ अशी मापं मावतात. एसव्हीजी म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेलं चित्र; ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही, डार्क मोडमध्ये रंगही बदलू शकते. पण आयफोनच्या सफारी ब्राउझरने तिला बराच काळ दाद दिली नव्हती, म्हणून सोबत आयसीओ ठेवाच. एसव्हीजीत अक्षर फॉन्ट म्हणून सोडू नका, त्याची आउटलाइन करून घ्या, म्हणजे अक्षराचं रेषांचं चित्र बनवा. नाहीतर समोरच्याच्या फोनमध्ये जो फॉन्ट असेल त्यातलं अक्षर दिसेल. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० बाय १८० ची पीएनजी वेगळी द्या. तिला पार्श्वभूमीचा रंग भरा. पारदर्शक ठेवलीत तर तिथे काळं येतं.

आयकॉन बदलायला बसलात की डिझायनर हमखास म्हणतो, 'भाऊ, आता अख्खी साइटच नवी करून टाकू.' साइट मोबाइलवर आडवी सरकवून वाचावी लागत असेल तर त्याचं ऐका. एरवी नाही. केळीचा रोजचा भाव पानावर कुठे असतो हे नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या अंगठ्याला पाठ असतं. नव्या साइटमध्ये तो भाव हलतो आणि चौकशीचे फोन सुरू होतात. पानांचे पत्तेही बदलतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय केली नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांत वर्षानुवर्षं फिरलेल्या लिंका मेल्याच.

त्यापेक्षा फोन नंबर वर घ्या आणि बोट लावताच फोन लागेल असा करा. फिकट राखाडी अक्षरं गडद करा, दुपारच्या उन्हात शेताच्या बांधावरून वाचता आली पाहिजेत. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा. इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. हे सगळं एका दमात करू नका. एक बदल, मग थोडे दिवस थांबून गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका.

नवा आयकॉन चढवूनही तुमच्या फोनवर जुनाच दिसेल, कारण ब्राउझर तो साठवून ठेवतो. डिझायनरला झापण्याआधी फाइलचं नाव बदलून बघायला सांगा, आणि पानाच्या कोडमध्येही तेच नवं नाव घालायला सांगा. गूगलच्या निकालांत मात्र बदल उमटायला कित्येक दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. तिथे फाइल चौकोनी आणि ४८ बाय ४८ पेक्षा मोठी असलेली बरी.