जर्मन शिकायला एआय की क्लास? निर्वासित आणि नव्याने आलेल्यांसाठी काय बरं पडतं

जर्मनीत आलेला सिरियन, अफगाण, युक्रेनियन माणूस असो नाहीतर २०२४ च्या महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यातल्या कुशल कामगारांच्या करारातून यायची तयारी करणारी आपली नर्स, विचारतात एकच, मोबाईलवर एआय फुकट शिकवतंय तर क्लासला कशाला जायचं? माझं मत आधीच सांगते, क्लास मिळत असेल तर सोडू नका, एआय जोडीला घ्या.

निर्वासितांसाठी क्लास म्हणजे मुख्यतः सरकारी इंटिग्रेशन कोर्स. २००५ पासून चालू आहे, साधारण ७०० तासांचा, त्यात ६०० भाषेचे आणि १०० इथला कायदा, इतिहास, समाज यांचे, आणि शेवटची परीक्षा नीट पास झालात तर बी१ चं सर्टिफिकेट मिळतं (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात, ए१ सगळ्यात खालची). पुढे नागरिकत्वाला अर्ज करताना सहसा बी१ चा पुरावा लागतो, तिथे हा कागद चालतो, तो कुठलंच ॲप देत नाही. शिवाय वर्गात माणसं भेटतात, घर कुठे मिळेल, काम कुठे आहे हे त्यांच्याकडूनच कळतं. अडचण अशी की वेटिंग असतं, आणि घरी लहान मूल असेल नि पाळणाघरात जागा नसेल तर आईचंच शिकणं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

एआय खरं कामाला येतं ते बोलण्याच्या सरावाला. वीसेक जणांच्या वर्गात एकेकाला बोलायला किती वेळ मिळणार? चॅटजीपीटीसारख्याला व्हॉइसवर सांगा की मी ए१ लेव्हलची आहे, तू डॉक्टरच्या रिसेप्शनवर आहेस, हळू बोल आणि शेवटी माझ्या चुका अरबीत किंवा मराठीत समजाव. तेच वाक्य कितीही वेळा विचारा, समोर कोणी वैतागत नाही, आणि लाजणाऱ्या माणसाला तर हे फारच उपयोगी आहे, उद्या शाळेत फोन करायचा असेल तर आज रात्री तोच फोन करून बघता येतो. पण "चुका कडकपणे काढ" असं सांगावं लागतं, नाहीतर डेर-डी-डास (नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लागणारे शब्द) चुकलं तरी ते गोड बोलून पुढे जातं. आणि ते बोलतं प्रमाण जर्मन, इथे स्टुटगार्टकडे कामावर कानावर पडते श्वेबिश ही इथली बोली, ती माणसांतच ऐकावी लागते. भाषेचाही फरक पडतो, युक्रेनियन किंवा अरबीत छान समजावतं पण इरिट्रियाच्या तिग्रिन्यात तितकं जमत नाही कारण त्या भाषेतला मजकूरच नेटवर कमी.

ड्युओलिंगो रोजची सवय लागायला ठीक, मार्च २०२३ मध्ये त्यांनी जीपीटी-४ वर संभाषणाचा सरावही आणला पण तेव्हा तो पैसे भरणाऱ्यांसाठीच होता. त्यापेक्षा डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेक' हा ऑनलाइन व्हिडिओ कोर्स बघा, ए१ ते बी१ पूर्ण मोफत. फोल्क्सहोखशूल म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रांचं लर्नपोर्टल, म्हणजे ऑनलाइन शिकायची साइट, तीही मोफत आहे.

ज्यांना कुठलीच लिपी लिहिता-वाचता येत नाही त्यांना मात्र एआयवर सोडू नका. त्यांच्यासाठी वेगळा अल्फाबेटायझेशन कोर्स असतो, तिथे शिक्षकच हवा.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, सरकारी पत्राचा अर्थ फक्त एआयला विचारून गप्प बसू नका. आश्रयाचा अर्ज फेटाळला तर कोर्टात जायला सहसा दोनच आठवडे असतात, काही प्रकरणांत एकच, भाषांतरात तारीख चुकली तर सगळंच गेलं. समुपदेशन केंद्रात किंवा वकिलाला दाखवा, आणि नाव, फाइल नंबर, पळून येण्याची हकीकत हे काहीच चॅटमध्ये टाकू नका.

आपल्या नर्सेसना सहसा बी२ लागतं, तिथे परीक्षेच्या तयारीला चांगला क्लास हवाच, एआयवर वॉर्डमधली शिफ्ट बदलताना द्यायची माहिती जर्मनमध्ये सांगायचा सराव करा. आणि घरात अडकलेल्या आईने लर्नपोर्टल आणि रात्री व्हॉइसवर बोलणं आजच सुरू करावं, पण कोर्सच्या यादीत नावही आजच घालावं आणि मुलांना सांभाळायची सोय असलेला वर्ग कुठला आहे ते विचारावं, असे वर्ग काही ठिकाणी असतात.