फिरकीचा पितळी सोऱ्या: वर्षभर वापरल्यावर

दाबायच्या सोऱ्याने मी पंचवीस वर्षं चकल्या पाडल्या. दोन किलो भाजणी संपेपर्यंत मनगट पार भरून यायचं. दाबायला सोपं जावं म्हणून नकळत पीठ सैल भिजवायची सवय लागली. सैल पिठाची चकली तेल पिते आणि चार दिवसांत मऊ पडते. मी मात्र दरवर्षी भाजणीलाच दोष द्यायचे.

गेल्या दिवाळीआधी भांडी बाजारातून फिरकीचा पितळी सोऱ्या आणला. (गोदेला मोठा पूर आला की पाणी या बाजारात शिरतं, तरी पितळेचं काही घ्यायचं तर मी पंचवटीतून पूल ओलांडून इथेच येते.) साडेनऊशे रुपये पडले. ॲल्युमिनियमचा बराच स्वस्त होता, पण तसला आधी घरात होता. दोन वर्षांत त्याचे आटे झिजले आणि दांडा नुसताच फिरायला लागला.

सगळं काम आट्यांचं आहे. दांड्याचा एक फेरा झाला की आतली चकती जेमतेम एका आट्याएवढी खाली सरकते. त्यामुळे घट्ट पीठही सावकाश, एकसारखं उतरतं, मनगटावर जोर येत नाही. आता मी पाणी हात राखून घालते. पहिल्याच घाण्याला चकलीचा काटा असा उभा राहिला की मी झारा हातात धरून बघतच बसले! त्या चकल्या तुळशीच्या लग्नापर्यंत कुरकुरीत होत्या. पुढे शेव, कुरडया, सगळं यावरच केलं.

अडचण एकच. एका हाताने सोऱ्या धरायचा, दुसऱ्याने दांडा फिरवायचा, म्हणजे कागद फिरवायला हात उरत नाही. सोऱ्याच गोल फिरवत न्यावा लागतो. पहिल्या आठ-दहा चकल्या वेड्यावाकड्या होतात, मग हात बसतो.

धुतल्यावर लगेच कोरडा करा. पीठ आत राहिलं तर पितळ कळकतं. चिंच-मिठाने घासून आट्यांना तेलाचं बोट लावून ठेवलं की पुढच्या वेळी दांडा कुरकुरत नाही. आणि घेताना दुकानातच दांडा वरपासून खालपर्यंत फिरवून बघा. मध्ये कुठे अडकला तर दुसरा मागा. मला तिसरा पसंत पडला.