बऱ्या दिवशीही आवर घालणारे फिजिओथेरपी केंद्र

फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराच्या, रुग्णाला व्यायाम करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. किती करावा आणि कुठे थांबावे हे सांगणारे क्वचितच. पुण्यातील या केंद्राचे मोल त्यातच आहे. या आजारासाठी युरोपीय संधिवात संघटनेने 2016 साली सुधारलेल्या शिफारशींमध्ये ठाम शिफारस केवळ व्यायामाचीच होती, कोणत्याही औषधाची नव्हती. मात्र तोच व्यायाम बेताने झाला नाही तर रुग्ण चार दिवसांत तो सोडून देतो.

येथे पहिल्याच भेटीत कोणत्याही यंत्रावर चढवत नाहीत. स्वयंपाक, जिने, बसचा प्रवास, झोप आणि वेदना यांची रोजची नोंद करायला एक तक्ता देतात आणि त्यातील सर्वांत वाईट दिवशी जेवढे चालणे निभले असेल, त्याहून किंचित कमी चालण्यापासून सुरुवात करतात. बरे वाटले की साठलेली सारी कामे उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, ही सवय मोडण्यासाठी व्यायाम वेदनेवर नव्हे तर घड्याळावर थांबवला जातो. ठरलेली मिनिटे संपली की उत्साह असला तरी बसायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात फार जड जाते, आणि म्हणूनच शेजारी उभे राहून ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या माणसाला पैसे मोजावेसे वाटतात. श्रम मोजण्यासाठी, ते किती जाणवतात हे रुग्णानेच सांगायची 6 ते 20 अंकांची बोर्ग मोजपट्टी वापरतात आणि 11 म्हणजे ‘हलके’ याच्या आसपास ठेवतात. बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फसवी असते, त्यांना ही पद्धत विशेष सोयीची.

कोमट पाण्याचा तलाव हे दुसरे आकर्षण. पाणी 33–34 अंश सेल्सिअस राखलेले असते आणि छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवरचा भार निम्म्याहून अधिक कमी होतो. मात्र कपडे बदलण्याची खोली वरच्या मजल्यावर आहे! पाण्यातून बाहेर येताच अंग जड झालेले असताना जिना चढायला लावणे, हे अशा केंद्राला शोभत नाही.

याहून गंभीर उणीव प्रवेशाच्या अर्जात आहे. श्रमानंतर लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळते का, हा प्रश्न त्यात नाही. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र थकव्याचा आजार असलेल्यांमध्ये हे मुख्य लक्षण असते, आणि ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस संस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये अशा रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असे स्पष्ट केले. येथील व्यायामातली दर आठवड्याची ठरलेली वाढ मला मानवली. अशा रुग्णांना मात्र ती अपायकारक ठरू शकते. केंद्रातील ज्येष्ठ मॅडमनी याबाबतचे माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, तरी छापील अर्ज अजून तसाच आहे. त्यामुळे ज्यांना असा त्रास होतो, त्यांनी तो पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगावा.

शुल्क साध्या फिजिओथेरपीपेक्षा बरेच जास्त आहे, आणि सकाळच्या तुकडीत तलावात गर्दी होते. शक्य असल्यास दुपारची वेळ मागून घ्यावी.