एचएलएस-ईयू-क्यू१६ : आरोग्य-साक्षरता मोजणारे सोळा प्रश्न नाशकात कितपत चालतात?

नाशिक जिल्ह्यात लोकांची आरोग्य-साक्षरता, म्हणजे आरोग्याची माहिती शोधून, समजून, पारखून वापरता येणं, मोजायची असेल तर ही प्रश्नावली जरूर घ्या, पण एकटी घेऊ नका. सोबत हातात देऊन करून घ्यायचं एखादं काम ठेवा. ते का, हे खाली येईलच.

आधी वस्तू काय आहे ते. एचएलएस-ईयू म्हणजे युरोपीय आरोग्य-साक्षरता सर्वेक्षण. त्यात २०११ मध्ये युरोपातल्या आठ देशांत सुमारे आठ हजार लोकांना ४७ प्रश्न विचारले गेले. उपचार, आजार टाळणं आणि तब्येत राखणं ही तीन क्षेत्रं. माहिती शोधणं, समजणं, पारखणं आणि वापरणं ही चार कामं. तीन गुणिले चार, अशा बारा खणांत ते प्रश्न बसवलेले. क्यू१६ ही त्याचीच छोटी आवृत्ती. प्रत्येक प्रश्न ‘अमुक करणं तुम्हाला किती सोपं किंवा अवघड जातं?’ अशा धाटणीचा. उत्तरं चार. सोप्याच्या बाजूच्या दोन्ही उत्तरांना १ गुण, अवघडच्या बाजूला ०. बेरीज ८ पर्यंत आली तर साक्षरता अपुरी, ९ ते १२ अडचणीची, १३ ते १६ पुरेशी. किमान १४ प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो फॉर्म गुणांकनातून बाद. ‘माहीत नाही’ हा पर्याय वाचून दाखवायचा नसतो. माणूस आपणहून म्हणाला तरच नोंदवायचा. प्रशिक्षणात ही गोष्ट दोनदा सांगा, कारण पर्याय ऐकवला की दमलेला माणूस तोच धरतो.

भाषांतरासाठी पुरेसा वेळ ठेवा. ‘स्क्रीनिंग’ला नुसतं ‘तपासणी’ म्हटलं की लोक आजारी पडल्यावरची तपासणी समजतात आणि ‘सोपं’ म्हणून मोकळे होतात. ‘काही त्रास नसताना केलेली बीपी-शुगरची तपासणी’ असं सांगावं लागतं. ‘मानसिक आरोग्याच्या समस्या’ म्हटलं की समोरचा गप्प होतो. ‘टेन्शन, झोप न लागणं, मन न लागणं’ म्हटलं की बोलतो. ‘सेकंड ओपिनियन’ म्हणजे ‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं का, हे ठरवणं’. आणि ‘मूल्यमापन करणे’ हा शब्द कागदावरच राहू द्या, घरात बसून विचारताना ‘खरं की खोटं हे ओळखणं’ म्हणा. सुरगाणा-पेठेत कोकणा, सटाण्याकडे अहिराणी, मालेगावात उर्दू. प्रमाण मराठीचा एकच छापील फॉर्म घेऊन गेलात तर सर्वेक्षक जागेवर आपल्या मनाने भाषांतर करणार, आणि मग दहा सर्वेक्षकांच्या दहा प्रश्नावल्या होणार. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करणं, तिसऱ्याने ते उलट, म्हणजे पुन्हा इंग्रजीत, भाषांतर करणं आणि मग आठ-दहा माणसांना ‘हा प्रश्न तुम्हाला काय कळला, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारणं, यातली कोणतीच पायरी गाळू नका.

आता मुख्य दोष. ही प्रश्नावली माणसाला काय जमतं ते मोजत नाही; आपल्याला जमतं असं त्याला वाटतं का, ते मोजते. ‘डॉक्टर सांगतात ते समजणं’ या प्रश्नाला आदरापोटी ‘सोपं’ असं उत्तर येतं, आणि विचारायला गावातलीच आशाताई आली असेल तर हमखास येतं. म्हणून सर्वेक्षक त्याच उपकेंद्राचा नसावा. उलट्या बाजूनेही गफलत होते. ‘आजारी पडल्यावर मदत कुठे मिळेल हे शोधणं’ याला सुरगाण्याच्या पाड्यावरचा माणूस ‘अवघड’ म्हणतो तेव्हा त्याला दवाखाना ठाऊक असतो, एसटी नसते. ही त्याची निरक्षरता नाही, सेवा पोचत नसल्याची नोंद आहे. प्रत्येक ‘अवघड’पुढे ‘कशामुळे?’ असा एक रकाना जोडा. गुणांत धरू नका, पण वाचा.

सर्वात मोलाचे प्रश्न पारखण्याचे: दुसऱ्या डॉक्टरचा, बातम्यांतल्या धोक्याच्या इशाऱ्यांवर किती विसंबावं याचा आणि रोजच्या सवयींचा. सोळांत ते फक्त तीन आहेत. एकूण गुणांत ते बुडून जातात, म्हणून त्यांचा निकाल वेगळा छापा.

मग करून दाखवायच्या तयार इंग्रजी चाचण्याच का नकोत? ‘रीअल्म’मध्ये ६६ इंग्रजी वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायला देतात. इंग्रजीत ‘ऑस्टिओपोरोसिस’चा उच्चार येणं ही ओळखीची खूण असू शकते. देवनागरीत चौथीतलं मूल ‘मूत्रपिंडदाह’ घडाघडा वाचेल आणि अर्थ शून्य. ही चाचणी मराठीत उतरतच नाही. ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ आइस्क्रीमच्या डब्यावरच्या लेबलवर सहा प्रश्न विचारते. तीन-चार मिनिटांत होते, पण त्यासाठी लेबल वाचायची सवय लागते. वाचलेलं आणि आकडे कळतात का हे तपासणाऱ्या ‘टोफ्ला’ची लांब आवृत्ती बावीस मिनिटं घेते, दारात उभं राहून ती होत नाही.

त्यापेक्षा आपल्या मेडिकलमधलीच दोन कामं घ्या. पहिलं, चिठ्ठीवर ‘१-०-१, ५ दिवस’ लिहून विचारा: दुपारी गोळी घ्यायची का, आणि एकूण किती गोळ्या आणाल? उत्तर ‘नाही’ आणि ‘दहा’. दुसरं, ओआरएसची एक लिटरची पुडी, एक लिटरची बाटली आणि पेला समोर ठेवा आणि ‘कसं कराल, दाखवा’ म्हणा. बाजारात २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, त्यामुळे मोठी पुडी पेल्यात रिकामी करणारे भेटतात. तसं द्रावण फार खारट होतं आणि जुलाब लागलेल्या मुलाला अपायकारक ठरतं. वाचता न येणाऱ्यालाही हे काम द्या. बऱ्याच आजीबाई पुडीचा आकार पाहून बरोबर करतात, आणि ती साक्षरताच आहे. या दोन कामांचे गुण सोळांत मिसळू नका, शेजारी ठेवा. ज्याने सोळापैकी पंधरा मिळवले आणि पुडी पेल्यात ओतली, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

नमुना: ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली तर ३८४ माणसं पुरतात, पण ती यादीतून सुटी-सुटी निवडली तरच. गाव-वॉर्ड निवडून करणार असाल तर दुप्पट, म्हणजे ७६८; दहा टक्के लोक भेटणार नाहीत असं धरलं तर ८५४. नाशिक शहर, मालेगाव आणि आदिवासी तालुके यांचे वेगळे आकडे हवे असतील तर प्रत्येकासाठी एवढी माणसं लागतील. घरात जो भेटेल त्याला विचारू नका, अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची यादी करून चिठ्ठीने एक निवडा. नाहीतर दुपारच्या फेऱ्यांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे पुरुष गळतात आणि द्राक्षाच्या छाटणीत-काढणीत अख्खी मजूर घरं कुलूपबंद असतात. छाटणी-काढणीचे दिवस टाळून वेळ निवडा.

देशपातळीवर पाहिलं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सहा लाखांहून अधिक घरांत गेली. एचआयव्हीबद्दल काय माहीत आहे, जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस दिलं का, हे त्यात विचारलं जातं. वाचता येतं का हे पाहायला एक वाक्याचं कार्डही वाचून घेतात. त्या कार्डाच्या मागे ‘१-०-१, ५ दिवस’ छापलं तर जेमतेम एक मिनिट वाढेल.

युरोपात २०११ मध्ये जवळपास निम्मे लोक अपुऱ्या किंवा अडचणीच्या गटात निघाले होते. तो आकडा नाशिकच्या आकड्याशेजारी छापू नका. ८ आणि १२ या सीमारेषा तिकडच्या आहेत. मराठीत त्या तपासल्या जाईपर्यंत तालुक्या-तालुक्यातली तुलना करा, प्रश्नागणिक ‘अवघड’चे टक्के द्या, आणि वापरण्याआधी प्रश्नावलीच्या मूळ गटाची लेखी परवानगी फाइलला लावा.