ओला लॉग नको असेल तर हीच ट्यूब घ्या: पीईटी प्रीफॉर्म, दीड वर्ष वापरून

जिओकॅशिंग करणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलाय. अर्धा तास शोधाशोध, येणारे-जाणारे बघतायत का त्याच्याकडे एक डोळा, हाताला दोन-चार ओरखडे, आणि शेवटी डबा हाती लागतो तर आत लॉगचा, म्हणजे सह्यांच्या कागदाचा, नुसता लगदा! सही कुठे करायची? मग फोटो काढायचा, ऑनलाइन लॉगमध्ये "लॉग ओला, सही करता आली नाही" लिहायचं आणि निघायचं. शोधणाऱ्याला वाईट वाटतंच, पण ज्याने तो डबा लपवलाय त्यालाही असा मेसेज वाचून किती वाईट वाटतं हे मला माझा स्वतःचा पहिला कॅश, म्हणजे असा लपवलेला डबा, टाकल्यावर कळलं. म्हणून हा रिव्ह्यू डब्याचा आहे. अ‍ॅप कुठलं, जीपीएस कुठला यावर सगळे बोलतात, डब्यावर कोणी मन लावून लिहीत नाही, आणि माझ्या मते अर्धा कॅश म्हणजे डबाच.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. कोणीतरी डबा लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट्स साइटवर टाकतो, बाकीचे फोन किंवा हातातला जीपीएस घेऊन तो शोधतात, आतल्या लॉगवर नाव-तारीख टाकतात, डबा होता तसा परत ठेवतात आणि नंतर ऑनलाइन फाउंड नोंदवतात. आज जगभर असे ३० लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. सुरुवात झाली २००० साली. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, सर्वसामान्यांचे रिसीव्हर एका रात्रीत कितीतरी पट अचूक झाले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ३ मे ला डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, एक गलोल होती आणि बीन्सचा एक डबा पण होता. आज त्यातल्या दोन गोष्टी नियमात बसत नाहीत, जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय खड्डा खणून डबा पुरता येत नाही आणि खायची वस्तू आत ठेवता येत नाही, कारण वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात. म्हणजे डबा कसा असावा हे लोक पहिल्या दिवसापासून अनुभवातूनच शिकत आलेत.

आता मूळ मुद्दा, पीईटी प्रीफॉर्म. पीईटी म्हणजे बाटल्यांचं प्लॅस्टिक. सोड्याची बाटली बनते त्याच्या आधीचं तिचं रूप म्हणजे प्रीफॉर्म. दिसायला जाड काचेच्या टेस्ट ट्यूबसारखी, वर बाटलीचे असतात तेच आटे आणि तेच बूच. कारखान्यात ही ट्यूब तापवतात, साच्यात धरून आत हवा भरतात आणि ती फुगून बाटली होते. फुगवायच्या आधीच घेतली की मिळते ती आपली ट्यूब. बाटलीची भिंत कागदासारखी पातळ, हिची तीन-चार मिलीमीटर जाड, कारण सगळं प्लॅस्टिक अजून एकाच जागी आहे. माझ्याकडच्या मोठ्या बाटलीच्या प्रीफॉर्म आहेत, लांबी साधारण वीतभरापेक्षा थोडी कमी, आत बोट जेमतेम जातं. युरोपातले कॅशर याला पेटलिंग म्हणतात आणि तिकडे खूप वापरतात.

मला ही पहिल्यांदा एका इव्हेंटला मिळाली. हजारो फाइंड झालेल्या एक ताई होत्या, त्यांना मी माझ्या भिजलेल्या लॉगचं गाऱ्हाणं सांगत होतो, त्यांनी बॅगेतून एक ट्यूब काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "ही घे, पण आधी बादलीत बुडवून बघ, मग लपव." एवढंच. जिओकॅशिंगमधली माणसं अशीच आहेत, ओळख असो नसो, आपल्याकडचं चांगलं ते दुसऱ्याला देऊन टाकतात, आणि मी या छंदात टिकलो त्याचं निम्मं श्रेय अशा लोकांना आहे.

घरी येऊन बादलीची टेस्ट केली. ट्यूबमध्ये कोरडा टिश्यू घातला, बूच लावलं, ती तरंगते म्हणून दगड बांधला आणि रात्रभर पाण्यात ठेवली. सोबत तुलनेला आणखी तीन डबे टाकले होते, एक फिल्मची जुनी डबी, एक चार बाजूंना क्लिप असलेला जेवणाचा डबा आणि एक मॅग्नेटवाला नॅनो, म्हणजे अगदी बारीक डबी. सकाळी फिल्मच्या डबीतला टिश्यू चिंब. नॅनोत आटे ओले आणि कागदाची कड भिजलेली. क्लिपचा डबा कोरडा होता, पण तो नवा होता म्हणून, त्याचं पुढे सांगतो. प्रीफॉर्ममधला टिश्यू जसा घातला तसा बाहेर आला, बोटाला कुठेही ओल लागली नाही. आणि लागणार तरी कशी, हे बूच सोड्यातला गॅस महिनोनमहिने धरून ठेवायला बनवलेलं असतं, पावसाचं पाणी त्याच्यापुढे काहीच नाही.

त्यानंतर मी ५ ट्यूब बाहेर लावल्या. एक झाडाच्या ढोलीत, एक लोखंडी कठड्याच्या पोकळ खांबात, एक दगडांच्या कपारीत, दोन झुडपात टांगून. दीड वर्षात एकाही ट्यूबमध्ये बाहेरून पाणी शिरलेलं नाही. कठड्याच्या खांबातली तर पाऊस पडला की अक्षरशः पाण्यात उभी असते, कारण खांबाला खाली भोक नाही, आणि तरी तिचा लॉग कोरडा!

पण "बाहेरून" हा शब्द मुद्दाम लिहिलाय. दमट हवेत ट्यूब उघडून बंद केली की ती दमट हवाच आत कोंडली जाते आणि रात्री गार पडलं की तिचे थेंब आतल्या भिंतीला जमतात. पहिल्या दोन महिन्यांत कपारीतल्या ट्यूबमध्ये मला हे दिसलं आणि मी घाबरलो, वाटलं बूच गळतंय. गळत नव्हतं. मी सिलिका जेलची पुडी टाकून पाहिली, ती थोडे दिवस काम करते आणि मग स्वतःच पाणी धरून बसते, शिवाय पुडीने जागा जाते. खरा उपाय कागदात आहे. साधा कागद नको, वॉटरप्रूफ कागद घ्या, राइट इन द रेन वगैरे जो मिळेल तो, आणि सोबत पेन्सिल. पेन्सिल ओल्या कागदावरही उठते, जेल पेनची शाई पसरते. हा बदल केल्यापासून थेंब दिसले तरी नावं वाचता येतात.

दुसरी अडचण लॉग बाहेर काढायची. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात आणि त्या बरोबर आहेत. गुंडाळी आत गेली की उलगडते, भिंतीला चिकटते, तोंड अरुंद, बोट पुरत नाही, मग लोक चिमट्याने ओढतात आणि कागद फाटतो. मी आधी रबर लावलं, ते उन्हाने विरघळून कागदालाच चिकटलं. आता मी काय करतो, एक पातळ लाकडी काडी घेतो, ट्यूबच्या आतल्या उंचीपेक्षा नखभर कमी, लॉगची पट्टी तिला एका टोकाला चिकटवतो आणि तिच्याभोवतीच गुंडाळतो. ट्यूब उलटी केली की काडीचं टोक बाहेर येतं, धरून ओढायचं, सही करायची, परत गुंडाळून आत. हे केल्यापासून एकही लॉग फाटलेला नाही. पट्टी जितकी अरुंद तितकं बरं वाटतं, पण जरा रुंद ठेवा, नाहीतर नाव आणि तारीख दोन्ही मावत नाहीत.

टांगायचं असेल तर बुचाला भोक पाडू नका. बरेच जण इथेच चुकतात, तार ओवायला बुचाला भोक पाडतात, मग वर ग्लू लावतात, आणि सहा महिन्यांत ग्लू सुटून पाणी आत. आट्यांच्या खाली बघा, बाटलीच्या गळ्याला एक बाहेर आलेली कडी असते, कारखान्यातली मशीन तिथेच धरते. तिच्याखाली तार दोन वेढे घालून आवळली की ट्यूब सुटत नाही आणि बूच मोकळं राहतं. बूच पण एका बारीक दोरीने त्याच तारेला बांधा, कारण खाली पडलं की पालापाचोळ्यात सापडत नाही आणि बूच नसलेली ट्यूब म्हणजे पाण्याचा पेलाच. झाडाला खिळा-स्क्रू मात्र कधीच नको, तो नियमही आहे आणि झाडाशी तसं वागूही नये.

रंगाबद्दल. लपवायला म्हणून मी पहिल्या ट्यूबला हिरवा स्प्रे मारला, आट्यांवरही गेला, तो पापुद्रे निघून बुचाच्या आत अडकला आणि बूच नीट बसेना. आता फक्त कापडी टेप लावतो, तीही अर्ध्या भागावर. उरलेला भाग पारदर्शक ठेवण्यामागे एक कारण आहे. अनोळखी नळकांडं कोणालाही संशयास्पद वाटू शकतं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात लपवलेल्या कॅशमुळे बॉम्ब पथक आलं होतं आणि त्यांनी तो उडवून दिला. आतला कागद बाहेरून दिसला आणि त्यावर ठळक अक्षरात जिओकॅश लिहिलेलं वाचता आलं तर ही वेळ येत नाही. सैन्याच्या दारूगोळ्याच्या लोखंडी पेट्या कॅशसाठी सगळ्यात मजबूत, रबरी वायसर असलेल्या, मी मानतो, पण त्यांच्यावरची सैन्याची अक्षरं खरवडून किंवा झाकून टाकावीच लागतात आणि वस्ती असेल तिथे मी तरी त्या ठेवणार नाही.

आता हिच्यात काय जमत नाही ते. आकाराने ही मायक्रोतच मोडते, १०० मिलीच्या आत, म्हणजे अदलाबदलीच्या वस्तू नाहीत, ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात फिरवायची नंबर असलेली वस्तू, तर नाहीच नाही. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांची निराशा होते, मुलांना डब्यात काहीतरी हवं असतं आणि इथे नुसती चिठ्ठी. त्यांच्यासाठी मी एका ठिकाणी क्लिपचा डबा ठेवला होता. पहिलं वर्ष उत्तम, मग उन्हाने एक क्लिप तडकली, वायसरमध्ये वाळू गेली आणि एका पावसात आतली खेळणी पाण्यात तरंगायला लागली. साइटवर डबा दुरुस्त करा अशा दोन नोंदी पडल्यावर मी तो कॅश आधी बंद ठेवला आणि मग नवा डबा लावला. मोठा डबा लावायचा तर दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन बघायची तयारी हवी. प्रीफॉर्मला मी सहा महिन्यांनी जातो.

खरेदी करताना सांभाळा. मी २० ट्यूबचा एक लॉट ऑनलाइन मागवला, दुकानाचं नाव घेत नाही, त्यातल्या ४ बुचांचे आटे वेगळ्याच मापाचे होते, फिरतात पण घट्ट बसत नाहीत. बदलून द्या म्हटलं तर उत्तरच आलं नाही. शेवटी साध्या सोड्याच्या बाटल्यांची बुचं धुऊन लावली आणि ती जास्त चांगली बसली. तेव्हा प्रत्येक ट्यूब बादलीत बुडवून बघा, एकही सोडू नका. सोड्याचंच बूच लावा, पाण्याच्या बाटलीचं नको, पाण्याच्या बाटलीला गॅस धरायचा नसतो आणि ते पातळ असतं.

आणि एक विनंती शोधणाऱ्यांना. कॅश सापडला नाही तर डीएनएफ, म्हणजे "सापडला नाही" अशी नोंद, टाका, स्वतःच्या खिशातली डबी तिथे ठेवून फाउंड नोंदवू नका. माझ्या ढोलीतल्या कॅशला हे झालं. खरी ट्यूब वीतभर आत होती आणि कोणीतरी तोंडाशीच फिल्मची डबी ठेवून गेलं, मग पुढच्या सात जणांनी त्या डबीत सही केली, ती भिजली, आणि ओल्या लॉगचा मेसेज मला आला! जाऊन बघतो तर खरी ट्यूब आत कोरडी, पेन्सिलसकट.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो लॉग काढायच्या कटकटीसाठी, काडी आपण घालतो, ती सोबत येत नाही.

कपारीतल्या ट्यूबच्या पट्टीवर आता ६३ नावं झालीत, मागची बाजूही भरत आली, शेवटचं नाव कोणा लहान मुलाने मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलंय आणि त्याने दोघांची जागा घेतलीये. ती पट्टी मी जपून ठेवणार आहे. या रविवारी नवी गुंडाळून घेऊन जातोय.