ब्रश की ओला बोळा?

संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असो की नांदेड-लातूरच्या दवाखान्यात, आपलं माणूस ॲडमिट झालं की सलाईन-गोळ्यांच्या गडबडीत दात घासायचे राहूनच जातात. ओल्या बोळ्यानं ओठ-जीभ ओली होते, पेशंटला बरं वाटतं. पण दातांवरचा चिकट थर तसाच राहतो. त्यातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनियाला वाट मिळते. मऊ ब्रश तो थर घासून काढतो. २०२३ मध्ये १५ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात ब्रश केलेल्या रुग्णांमध्ये असा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसला. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांना. माझा कौल ब्रशलाच. पेशंटला टेकून बसवा, पेस्ट वाटाण्याएवढीच, कवळी काढून वेगळी घासा. नीट गिळता येत नसेल तर सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. प्लेटलेट फार कमी असतील, तर ब्रश आधी डॉक्टरांना विचारून.