व्हीएस कोड आणि पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रावेर तालुक्यातील मामांच्या केळीबागेचा हिशेब ठेवण्यासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला असून, गेले आठ महिने त्याचे सारे काम जळगावात घरी व्हीएस कोडमध्ये करतो. कोड लिहिण्याचा हा एडिटर मला मनापासून आवडला आहे. मात्र पहिल्या दोन महिन्यांतला बराचसा वेळ व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या, म्हणजे एका प्रोजेक्टसाठी पायथन आणि त्याची पॅकेजेस वेगळी ठेवणाऱ्या फोल्डरच्या, अडचणी सोडवण्यात गेला, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पांडाज हे तक्त्यांतील माहिती हाताळणारे पॅकेज इन्स्टॉल झाल्याचा संदेश येई आणि तरीही कोडमधील इम्पोर्टच्या ओळीखालची नागमोडी रेघ हटत नसे. टर्मिनलमधील पायथन आणि एडिटर ज्याच्या आधारे कोड तपासतो तो पायथन हे दोन वेगळे असू शकतात, हे मला उशिरा उमगले. यावर उपाय सोपा आहे: कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ ही आज्ञा द्यावी आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमधला पायथन निवडावा. तरीही शंका उरली, तर प्रोग्राममध्येच ‘सिस डॉट एक्झिक्यूटेबल’ छापून पाहावे. चालू असलेल्या पायथनचा पूर्ण पत्ता समोर येतो.

आज्ञा चालवणाऱ्या विंडोजच्या पॉवरशेलने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करणारी ॲक्टिव्हेट स्क्रिप्ट अडवली होती. एक्झिक्यूशन पॉलिसी, म्हणजे कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या याचा नियम, केवळ माझ्या युजरपुरती ‘रिमोटसाइन्ड’ केल्यावर ती चालू लागली.

खरा मनस्ताप झाला तो केळीच्या कापणीच्या वेळी. संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन मी रावेरला गेलो, मामांच्या लॅपटॉपवर उतरवला आणि प्रोग्राम सुरूच होईना. व्यापाऱ्याची गाडी बागेत उभी असताना सगळी वजने वहीत लिहावी लागली आणि मामांसमोर मला फार वाईट वाटले. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवणाऱ्या पायथनच्या ‘व्हेन्व’ने तयार केलेल्या फोल्डरमध्ये मूळ पायथनचा पूर्ण मार्ग नोंदवलेला असतो, आणि तो मार्ग माझ्या जळगावच्या संगणकावरचा होता. म्हणून हे फोल्डर दुसरीकडे नेऊ नये, तिथे ते नव्याने तयार करावे.

आता मी पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपच्या ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने केलेली रिक्वायरमेंट्सची (लागणाऱ्या पॅकेजेसची) यादी सोबत नेतो. बागेत इंटरनेटची रेंज नसल्यामुळे लागणारी पॅकेजेस ‘पिप डाउनलोड’ने घरीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. दोन्ही संगणकांवर विंडोज आणि पायथनची आवृत्ती एकच ठेवली असल्याने ती तिथे विनाइंटरनेट इन्स्टॉल होतात. मागच्या दोन्ही कापण्यांची वजने थेट प्रोग्राममध्ये नोंदवली गेली.